जीपीएस यंत्रांतील मोफत नकाशे

हातात धरायच्या किंवा मोटारीच्या काचेला लावायच्या जीपीएस यंत्रात विकतच्या नकाशाऐवजी लोकांनी मिळून तयार केलेला खुला नकाशा भरणे आणि तो वेळोवेळी बदलत राहणे, या पद्धतीची ही नोंद. उदाहरणे मुख्यतः ठाणे आणि नवी मुंबई परिसरातली आहेत. रस्ते इतक्या झपाट्याने बदलणाऱ्या भागात नकाशा जुना होतो म्हणजे नेमके काय होते, ते लगेच दिसते.

उपग्रहांच्या संदेशांवरून यंत्र स्वतःचे अक्षांश-रेखांश काढते. त्यापलीकडे त्याला काही कळत नाही. रस्ता, नाका, पूल, ओढा हे सगळे आधी भरलेल्या नकाशातून येते. शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याआधीचा नकाशा असलेले यंत्र सेतूवरून जाताना गाडीचा बाण भर खाडीत, पाण्यावर चालताना दाखवते. बाणाची जागा अगदी बरोबर असते, खाली नकाशात पूल नसतो एवढेच. यंत्र बिघडले असे समजून लोक ते दुरुस्तीला नेतात, तेव्हा बहुतेक वेळा बदलायचा असतो तो नकाशा.

नकाशा येतो कुठून : बहुतेक मोफत नकाशांचे मूळ एकच आहे, ओपनस्ट्रीटमॅप. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आहे. कोणीही खाते उघडावे आणि आपल्या माहितीचा रस्ता काढावा, अशी त्याची रीत. २०१२ पासून त्याची माहिती खुल्या विदासंचाच्या परवान्याखाली मिळते. ती वापरायला पैसे पडत नाहीत, योगदानकर्त्यांचा उल्लेख मात्र करावा लागतो. जर्मनीतील गेओफाब्रिक ही संस्था या माहितीचे देशवार आणि विभागवार तुकडे रोज नव्याने उपलब्ध करून देते. भारताचेही विभाग पाडलेले आहेत आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात येतो.

ही कच्ची माहिती गार्मिन या जीपीएस यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्राला वाचता येत नाही. गार्मिनने आपल्या नकाशा-फाइलची रचना कधी अधिकृतपणे जाहीर केली नाही. हौशी लोकांनी फाइल उलगडून ती समजून घेतली आणि त्यातून एमकेजीमॅप हे मोफत रूपांतरक तयार झाले. मोठा प्रदेश आधी लहान तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकड्याचे रूपांतर करायचे आणि सगळे तुकडे एका फाइलीत बांधायचे, असे त्याचे काम चालते. हे स्वतः करायची गरज नसते. तयार फाइली देणारे स्वयंसेवक आहेत. पण ज्याला फक्त ठाणे आणि रायगड जिल्ह्यांचा, आपल्या पसंतीच्या रंगांचा नकाशा हवा आहे, त्याने एकदा तरी हे करून पाहावे. नकाशात काय असते आणि काय नसते, ते तेव्हाच उमजते.

यंत्रात बसवणे : यंत्र यूएसबी केबलने संगणकाला जोडले की पेनड्राइव्हसारखे दिसते. नव्या काही यंत्रांत ते मोबाइलसारखे उघडते. फक्त चार्जिंगपुरती केबल असेल तर ते दिसतच नाही, आणि पहिल्या प्रयत्नात हीच चूक सर्वाधिक होते. मेमरी कार्ड वापरणे सर्वात सुरक्षित. कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावे, त्यात 'गार्मिन' नावाचा फोल्डर रोमन लिपीत तयार करावा आणि नकाशाची फाइल त्यात ठेवावी. जुन्या यंत्रांना फाइलचे नाव 'जीमॅपसप' असेच लागते आणि अशी एकच फाइल चालते. नव्या यंत्रांत आयएमजी प्रकारच्या अनेक फाइली वेगवेगळ्या नावांनी नांदतात. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. पण एका जिल्ह्याचा किंवा राज्याचा नकाशा त्या मर्यादेजवळही जात नाही.

एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. यंत्राच्या अंतर्गत मेमरीत कंपनीचा मूळ नकाशा असतो, मोटारीच्या नुवी यंत्रांत तो बहुधा 'जीमॅपप्रॉम' या नावाने. जागा कमी पडते म्हणून तो पुसू नये. पैसे देऊन घेतलेला नकाशा एकदा गेला की परत मिळवताना नाकीनऊ येतात. आधी सगळ्या अंतर्गत मेमरीची प्रत संगणकावर काढून ठेवावी, मग हात लावावा.

नवा नकाशा टाकल्यावर जुना बंद करायचा असतो. दोन्ही चालू राहिले तर वर काढलेला नकाशा खालच्याला झाकतो, किंवा रस्ते दुहेरी दिसतात. ट्रेकच्या यंत्रात ही सोय नकाशाच्या सेटिंगमध्ये असते, मोटारीच्या यंत्रात 'माझे नकाशे' या यादीत. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा पारदर्शक असल्यामुळे तो दुसऱ्यावर पसरून ठेवता येतो.

गाडीत अँड्रॉइड स्टिरिओ असेल तर ही खटपट उरत नाही. ऑसमँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स यांत याच मुळाचे नकाशे ॲपमधूनच उतरवता येतात आणि नंतर इंटरनेटशिवाय चालतात.

नवा करणे : मोफत नकाशाचे 'अपडेट' म्हणजे जुन्या फाइलच्या जागी नवी, संपूर्ण फाइल ठेवणे. फक्त बदललेला भाग येऊन जुन्यात मिसळत नाही. म्हणून जुनी फाइल लगेच पुसू नये. तिचे नाव बदलून संगणकावर ठेवावी आणि नव्या नकाशावर रोजचा एखादा रस्ता काढून पाहावा. वागळे इस्टेटहून वाशीला जायचा मार्ग यंत्राने नीट दिला तर जुनी फाइल काढायला हरकत नाही. आपण साठवलेल्या जागा आणि चाललेल्या वाटा जीपीएक्स फाइलींत वेगळ्या असतात. नकाशा बदलल्याने त्या जात नाहीत, पण त्यांचीही प्रत असावी. फाइलच्या नावात महिना आणि वर्ष घालण्याची सवय फार उपयोगी आहे. यंत्राच्या पडद्यावर नकाशा ताजा की शिळा हे ओळखू येत नाही.

या भागातला नकाशा किती लवकर शिळा होतो? १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. त्यांत वाशी, ऐरोली आणि मुलुंडचे नाके आहेत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग इगतपुरीहून भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. वर्षातून एकदा नकाशा बदलणाऱ्याच्या यंत्रात यातले काही ना काही चुकलेले असतेच. इथे तीन महिन्यांनी बदलणे योग्य, आणि लांबच्या प्रवासाआधी तर हमखास.

दुचाकीचा प्रश्न : अटल सेतू, समृद्धी महामार्ग आणि कळंबोलीहून सुटणारा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग या तिन्हींवर मोटारसायकलीला बंदी आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर दुचाकीला बंदी असल्याची नोंद करता येते. पण एमकेजीमॅपने तयार होणाऱ्या नकाशात वाहनांचे जे खण आहेत, त्यांत मोटार, बस, टॅक्सी, ट्रक, सायकल, पायी चालणारा असे प्रकार येतात. मोटारसायकलीसाठी वेगळा खण नाही. परिणामी मोटारसायकलस्वार यंत्राच्या लेखी मोटारवालाच ठरतो, आणि उलव्याहून शिवडीला निघालेल्याला ते बिनदिक्कत सेतूकडे वळवते. 'टोलचे रस्ते टाळा' हा पर्याय चालू ठेवला की तिन्ही मार्ग सुटतात, कारण तिन्हींवर टोल आहे. मात्र एखाद्या खाडीपुलावर टोलची जुनी खूण नकाशात राहून गेली असेल तर यंत्र तोही टाळते आणि मोठा वळसा घालायला लावते. दुचाकीवाल्याने निघण्यापूर्वी पूर्ण मार्ग पडद्यावर सरकवून पाहावा. पोलिसांनी सेतूच्या तोंडाशी अडवल्यावर यंत्राकडे बोट दाखवून उपयोग नसतो.

पत्ता शोधणे : मोफत नकाशांची ही सर्वात दुबळी बाजू. सिडकोने १९७० पासून वसवलेल्या नवी मुंबईत पत्ता म्हणजे नोड (वाशी, नेरूळ असा शहराचा भाग), सेक्टर आणि प्लॉट क्रमांक. सेक्टरचे आकडे मात्र प्रत्येक नोडमध्ये नव्याने सुरू होतात. सेक्टर १० वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, ऐरोलीत आहे. यंत्रात नुसते 'सेक्टर १०' टाकले तर यादीतला पहिला निवडण्याचा मोह आवरावा. प्लॉट क्रमांक बहुतेक ठिकाणी नकाशात नसतातच. शाळा, देवूळ, स्टेशन अशी जवळची ठळक खूण शोधणे जास्त भरवशाचे. आधी गावे होती, मग त्यांच्याभोवती सेक्टर आले. त्यामुळे घणसोली, कोपरखैरणे, तळवलीच्या गावठाणांतल्या गल्ल्या नकाशात साध्या निवासी रस्त्यासारख्या काढलेल्या सापडतात आणि यंत्र मोटारीला त्यांतून जवळची वाट सुचवते. तिथे समोरून टेम्पो आला की दोघांनाही मागे सरकायला जागा नसते.

यावर उपाय म्हणून अक्षांश-रेखांश टाकले जातात, आणि तिथे लिहिण्याच्या पद्धतीमुळे घोटाळा होतो. मोबाइलवर ठाणे स्टेशन साधारण १९.१८६ उत्तर, ७२.९७६ पूर्व असे दिसते. गार्मिनच्या यंत्रात बहुधा अंश आणि मिनिटे अशी मांडणी असते, म्हणजे तीच जागा १९ अंश ११.१६ मिनिटे, ७२ अंश ५८.५६ मिनिटे. दशांश चिन्हानंतरचे आकडे मिनिटे समजून कोणी १९ अंश १८.६ मिनिटे असे भरले, तर जागा सुमारे १४ किलोमीटर उत्तरेला जाते. रेखांश भरताना मात्र ९७.६ मिनिटे यंत्र स्वीकारत नाही, आणि चूक तिथे पकडली जाते. यंत्रातली मांडणी आधीच दशांश अंशांवर करून ठेवली की हा प्रश्न मिटतो.

घोडबंदर रस्ता : उड्डाणपूल, त्याच्या खालचा रस्ता आणि बाजूचा सर्व्हिस रोड हे तिन्ही काही मीटरांच्या अंतराने समांतर धावतात. उघड्यावरही यंत्राची चूक काही मीटरांची असते, त्यामुळे गाडी पुलावर आहे की खाली, हे त्याला ठरवता येत नाही. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, प्रत्येक पुलापाशी हे होते. नवा नकाशा टाकूनही हे सुधारत नाही. पुलाआधी पाटी वाचूनच लेन धरावी.

डोंगरात : मोबाइलची रेंज संपते तिथे हातातल्या यंत्राची खरी कदर होते. ईट्रेक्ससारखे यंत्र दोन पेन्सिल सेलवर दिवसभर सहज चालते, पावसात भिजले तरी बटणांनी चालवता येते, आणि सेल संपले तर पायथ्याच्या गावच्या दुकानातही मिळतात. येऊरच्या जंगलापासून माहुली, सिद्धगड, गोरखगडापर्यंत फिरणारे ठाणेकर म्हणूनच ते अजून बाळगतात.

मोफत समोच्च रेषा बहुधा अमेरिकी अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने केलेल्या मोजणीतून काढलेल्या असतात. त्या मोजणीचे चौकोन सुमारे ३० किंवा ९० मीटरचे आहेत. सह्याद्रीचा सरळ तुटलेला कातळकडा एवढ्या चौकोनात बसत नाही. त्याचा उंचसखलपणा सरासरीत विरघळतो आणि पडद्यावर नुसता तीव्र उतार दिसतो. दोन रेषांमधून 'जाता येईल' असे वाटणारी जागा प्रत्यक्षात घळ किंवा कडा असू शकते. पायवाटेच्या बारीक रेषेवरून तिथे शिडी आहे की दोर लागतो, हेही कळत नाही. अशा वेळी नकाशापेक्षा पायथ्याच्या वाडीतल्या माणसाचा शब्द मोठा मानावा. आणखी एक ठळक उदाहरण नवी मुंबईतलेच. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. २००० च्या मोजणीवरच्या रेषा तिथे आजही टेकडी दाखवतात.

जुने छापील सर्वेक्षण नकाशे स्कॅन करून यंत्रात टाकणारेही आहेत. त्यांचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट या जुन्या मोजणी-पद्धतीवर बेतलेले, तर जीपीएसचे डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या पद्धतीवर. रूपांतर न करता टाकले तर सगळे गड आपल्या जागेवरून सरकतात. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे ही वेगळीच बाब आहे. भारतात ती विनापरवाना वापरता येत नाहीत. परदेशातून जुने यंत्र मागवणाऱ्याने हे आधी पाहावे.

मराठी नावे : ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक जागेला मराठी नावासाठी स्वतंत्र रकाना आहे, आणि नकाशा बांधताना मराठी नावे आधी घ्या, असे एमकेजीमॅपला सांगता येते. जुन्या यंत्रांत मात्र देवनागरी उमटत नाही, आणि नव्यांपैकी काही यंत्रे युनिकोडचे बाहेरचे नकाशे प्रमाणित नाहीत म्हणून नाकारतात. तिथे रोमन अक्षरांवर भागवावे लागते. तरीही मराठी रकाना भरणे वाया जात नाही. मोबाइल आणि अँड्रॉइड स्टिरिओवर तो दिसतो, आणि वाडी-पाड्यांची नावे तिथले लोक उच्चारतात तशी टिकून राहतात. इंग्रजी स्पेलिंगवरून उलटी मराठी केली की ती हमखास बिघडतात.

दुरुस्ती : नकाशातली चूक वापरणाराच सुधारू शकतो. वाघबीळपाशी मेट्रोच्या कामामुळे दुभाजकातला कट बंद झाला, तर गाडी थांबवून यंत्रात त्या जागेची खूण करावी आणि घरी येऊन ओपनस्ट्रीटमॅपवर बदल करावा. दुसऱ्या कंपनीच्या नकाशात पाहून काढू नये, परवान्यात ते बसत नाही. स्वतः पाहिलेले आणि स्वतः नोंदलेले तेवढेच टाकावे. बदल मूळ संचात लगेच जमा होतो, गेओफाब्रिकच्या फाइलीत बहुधा दुसऱ्या दिवशी येतो, तयार नकाशे करणाऱ्याच्या पुढच्या आवृत्तीत आठवड्याने किंवा महिन्याने उतरतो, आणि कार्डावर तेव्हाच पोचतो जेव्हा आपण नवी फाइल टाकतो. तोपर्यंत यंत्र त्या बंद कटापाशी उजवीकडे वळायला सांगत राहते.