तेलाचा पैसा आणि आपली 'हायब्रीड' ज्वारी

मराठवाड्यातली, विदर्भातली जुनी माणसं खरिपाच्या ज्वारीला आजही 'हायब्रीड'च म्हणतात. "यंदा हायब्रीड किती पेरली?" असं सहज विचारलं जातं. हा इंग्रजी शब्द आपल्या बांधावर कसा पोचला, याचा माग काढत गेलं की आपण न्यूयॉर्कला, एका तेलसम्राटाच्या तिजोरीपाशी जाऊन थांबतो. जगातली भूक हटवण्यासाठी आज अब्जावधी डॉलरच्या देणग्या जाहीर होतात. त्या समजून घ्यायच्या तर हा जुना माग काढायलाच हवा.

जॉन डी. रॉकफेलर यांनी १९१३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन स्थापन केलं आणि सुरुवातीच्या काळातच त्याला सुमारे १० कोटी डॉलर दिले. अमेरिकेत तेव्हा या दानाचं कौतुक कमी आणि संशय जास्त होता. दोनच वर्षांपूर्वी, १९११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीच्या कारणावरून त्यांच्या स्टँडर्ड ऑइलचे तुकडे केले होते. फाउंडेशनला अमेरिकेच्या संसदेकडून, म्हणजे काँग्रेसकडून, सनद हवी होती. ती मिळाली नाही, म्हणून न्यूयॉर्क राज्याची घेतली. १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो इथे, रॉकफेलर कुटुंबाच्या ताब्यातल्या कोळसा कंपनीच्या संपात, कामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला आणि त्यात बायका-मुलं मेली. कामगारांना असं वागवणाऱ्यांनी जगाचं कल्याण कशात आहे ते ठरवायचं का, हा प्रश्न तेव्हाच उघडपणे विचारला गेला. मला तो आजही रास्त वाटतो.

पहिली तीस वर्षं पैसा मुख्यतः आरोग्यावर गेला. शेतीकडे खरा मोर्चा वळला तो १९४३ मध्ये, मेक्सिकोत. तिथल्या कामाचे प्रमुख जॉर्ज हॅरर यांच्या हाताखाली मोजकेच शास्त्रज्ञ होते. १९४४ मध्ये त्यांना नॉर्मन बोरलॉग येऊन मिळाले. मेक्सिकोचा गहू तांबेरा या बुरशीच्या रोगाने बसत होता. बोरलॉग यांनी एक हंगाम उत्तरेला सोनोराच्या सपाट, बागायती जमिनीवर घ्यायचा आणि तेच बी उचलून दुसरा हंगाम तोलुकाच्या थंड पठारावर पेरायचा, असा सपाटा लावला. वर्षात दोन पिढ्या निघाल्या, आणि दोन्हीकडे तग धरणारेच वाण उरले. खत घातलं की ताटं उंच होऊन लोळायची. त्यावर पुढे, १९६० च्या दशकात, जपानी बुटक्या गव्हाचा, 'नोरिन १०'चा, संकर कामी आला. त्याआधीच, १९५६ च्या सुमारास, मेक्सिको गव्हात स्वयंपूर्ण झाला होता. तेरा वर्षं लागली. देणगीदाराने तेवढा धीर धरला, हे मला रकमेपेक्षा मोठं वाटतं.

पुढे फोर्ड फाउंडेशन सोबतीला आलं. दोघांनी मिळून १९६० मध्ये फिलिपिन्सच्या लॉस बानोसला भात संशोधन संस्था उभारली. तिथून १९६६ मध्ये 'आयआर ८' हा भाताचा बुटका, भरघोस वाण बाहेर पडला.

भारतात रॉकफेलरची माणसं १९५० च्या दशकातच आली होती. आधी मका, मग ज्वारी. १९६४ मध्ये 'सीएसएच १' हा ज्वारीचा संकरित वाण प्रसारित झाला. त्याच्या संकरातलं मादी वाण अमेरिकेतून आलं होतं. तीच आपली हायब्रीड. गव्हाची गोष्ट जास्त गाजली. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आलं. देश तेव्हा पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली आलेल्या गव्हावर दिवस काढत होता. १९६५ ला सुमारे १.२ कोटी टन असलेलं गव्हाचं उत्पादन १९६८ मध्ये सुमारे १.६५ कोटी टनांवर गेलं. पण हे एकट्या देणगीचं फळ नव्हे. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्या काळात अन्न महामंडळ आलं, हमीभावाची घडी बसली, आणि एम. एस. स्वामिनाथन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ते बी आपल्या मातीत रुजवलं. हमीभावाशिवाय एवढ्या खताचा खर्च कुठल्या शेतकऱ्याने अंगावर घेतला असता?

आपल्याकडच्या हायब्रीडचं काय झालं, ते मात्र नीट बघण्यासारखं आहे. दाणा भरघोस आला. पण ताट बुटकं, त्यामुळे कडबा घटला, आणि ज्याच्या दावणीला बैल त्याला कडबा दाण्याइतकाच मोलाचा. पीक लवकर निघायचं, म्हणजे परतीच्या पावसात कणीस उभं असायचं आणि दाणा काळा पडायचा. काळ्या ज्वारीची भाकरी कडवट लागते आणि बाजारात तिला भावही पडून मिळतो. बी दरवर्षी विकत घ्यायचं ते वेगळंच. प्रयोगशाळेत प्रश्न 'एकरी दाणे किती' एवढाच होता. कडब्याचं आणि भाकरीचं विचारायला घरातल्या बाईपाशी कोणी आलं नाही.

कोरडवाहूकडे देणगीदारांचं लक्ष उशिरा गेलं. १९७१ मध्ये लॉस बानोससारख्या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थांचा एकत्र गट झाला, त्यात जागतिक बँकही आली, आणि १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची संशोधन संस्था सुरू झाली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा ही तिची पिकं. त्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळाने कहर केला. लोकांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, घशाखाली उतरवला. त्यातून रोजगार हमी उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. कोणा धनिकाचं नाव तिच्यावर नाही, पण गरिबाला काम मागायचा हक्क तिने दिला.

२००६ मध्ये अमेरिकन गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी सुमारे ३१ अब्ज डॉलरचे शेअर बिल गेट्स यांच्या गेट्स फाउंडेशनला देण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी गेट्स आणि रॉकफेलर यांनी १५ कोटी डॉलर घालून आफ्रिकेत हरितक्रांतीसाठी 'आग्रा' ही संस्था काढली. सुधारित बियाणं, खत, बाजार हाच तिथलाही गाभा होता. लहान शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढवण्याचं मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही, असं देणगीदारांच्याच पैशातून झालेल्या मूल्यमापनात २०२२ मध्ये निघालं.

आणि आपल्याकडे सोलापूर, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीला अजून मालदांडीच पेरतात. मोहोळच्या सरकारी शेतावर १९३० च्या दशकात निवडलेला हा वाण. नुसत्या ओलीवर येतो, कडबा पुरुषभर उंच देतो, आणि त्याची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.