पांझरा नदी

पांझरा ही तापीला डाव्या बाजूने मिळणारी खानदेशातील लहान नदी. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या डोंगरांत ती उगम पावते, धुळे शहरातून जाते आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावदजवळ तापीला मिळते. लांबी दीडशे किलोमीटरही भरत नाही. तरीही महाराष्ट्राच्या सिंचनाच्या इतिहासात तिच्याइतके महत्त्व फार थोड्या लहान नद्यांना आहे. हे महत्त्व आले ते फड पद्धतीमुळे, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी सामाईक नियमांनी वाटून घेण्याच्या जुन्या रीतीमुळे, आणि फड समजून घ्यायचा तर आधी नदीची चाल पाहावी लागते.

उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेत फारसा लांब नाही. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे पाणी थेट गुजरातेत उतरते. पांझरेच्या वाट्याला मात्र पूर्वेचा उतार आला आहे. पिंपळनेरवरून ती पूर्वेकडे निघते, साक्रीकडून येणाऱ्या कान नदीला पोटात घेते आणि नेर, धुळे असे करत पुढे जाते. धुळे सोडल्यावर काही अंतराने ती उत्तरेला वळते आणि बेटावदच्या बाजूने तापीकडे जाते. तापी पश्चिमवाहिनी असल्याने पांझरेचे पाणी सुरतेच्या वाटेने पुन्हा पश्चिमेलाच जाते. दक्षिणेला गाळण्याचे डोंगर तिचे खोरे गिरणेच्या खोऱ्यापासून वेगळे करतात, तर उत्तरेला बुराई नदीचे खोरे आहे.

या खोऱ्यात पाऊस सारखा पडत नाही. पश्चिम साक्रीच्या डोंगरपट्ट्यात तो चांगला बरसतो, म्हणून तिकडे भातही होतो. धुळ्यापर्यंत येता येता तो वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटरच्या घरात येतो. म्हणजे पाणी एकीकडे पडते आणि त्याची गरज दुसरीकडे असते. जमिनीचेही तसेच आहे. नदीकाठी खोल काळी माती, आणि काठापासून दूर गेले की मुरमाड, बरड रान. खाली सगळीकडे दख्खनचा काळा पाषाण, आणि त्याला उभे चिरत गेलेल्या कठीण खडकाच्या लांबच लांब रांगा, म्हणजेच डाइक. धुळे-नंदुरबार भागातल्या या डाइकच्या रांगा भूशास्त्रज्ञांच्या खास अभ्यासाचा विषय आहेत. बहुतेक रांगा साधारण पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत. कुठे त्या शेतातून भिंतीसारख्या वर निघतात, कुठे जमिनीखालचे पाणी अडवतात. त्यामुळे एकाच गावात दोन विहिरींच्या पाण्यात मोठा फरक पडू शकतो.

पात्रात जिथे खडक उघडा पडतो, तिथे जुन्या लोकांनी दगडी बंधारे घातले. त्यांतले अनेक काही शतकांचे आहेत. बंधाऱ्याच्या एका टोकाला पाटाचे तोंड. पाट काठाकाठाने नदीपेक्षा कमी उताराने नेलेला असतो, त्यामुळे नदी खाली जात राहते आणि पाट शेतांच्या वरच्या अंगाला पोहोचतो. पाटातून चाऱ्या म्हणजे लहान पाट निघतात, चाऱ्यांतून शेतांना पाणी देणारे सारंग निघतात आणि वापरून उरलेले पाणी सांडीतून, म्हणजे जादा पाण्याच्या वाटेने, परत नदीला मिळते. पाणी कुठेही उपसावे लागत नाही. वरच्या शेतांतून झिरपलेले आणि सांडीतून आलेले पाणी खालच्या बंधाऱ्याच्या कामी येते, म्हणून एकाच नदीवर बंधाऱ्यांची मालिका उभी राहू शकली. पांझरेसारखीच व्यवस्था शेजारच्या मोसम आणि आरम नद्यांवरही होती.

बंधाऱ्याखालची जमीन सहसा तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, विभागलेली असे. एका फडात एका हंगामात एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही. दरवर्षी पिके फड बदलत. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असे, म्हणजे उसाचा पैसा आणि पाण्याची तूट दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला येत. या व्यवस्थेचे खरे मोल इथे आहे. पाणी कमी दिसले की कोणाचे एकट्याचे शेत सुकू न देता एखादा फडच सगळ्यांच्या संमतीने पडीक ठेवला जाई. कारभार पंच पाहत. पाट आणि चाऱ्यांवर पाटकरी असे, पिकांची राखण जागल्या करी आणि देखरेखीला हवालदार असे. शेताला प्रत्यक्ष पाणी देणारा तो बारेकरी. शेतमालकाने स्वतः पाणी घ्यायचे नाही. बारेकरी फडाच्या वरच्या शेतापासून सुरुवात करी, फावड्याने एका सारंगाचे तोंड फोडी, दुसऱ्याचे बुजवी आणि शेवटचे शेत भिजल्यावरच पुन्हा वर येई. शेत कोणाचे आहे यावर क्रम बदलत नसे. या सगळ्यांचा मोबदला पिकाच्या वाट्यातून दिला जाई.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पांझरेच्या पाटाचे पाणी नेण्यासाठी नळांचा सायफन, म्हणजे अडथळ्याखालून पाणी पलीकडे नेणारी बंद वाट, बांधून घेतला.

धुळे शहराची आखीव पेठांची रचना १८१९ नंतर इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांच्या काळात झाली. देवपूर नदीच्या उत्तर काठावर आहे, आणि एकवीरा देवीचे मंदिरही नदीकाठीच आहे. १८७२ च्या पुरात शहराचे मोठे नुकसान झाले होते. एरवी वर्षाचा मोठा काळ पात्रात पाणी जेमतेम असते, म्हणूनच डोंगरातल्या पावसाचा लोंढा अचानक आला की तो जास्त धोक्याचा ठरतो.

आता नदीचे पाणी वरच अडते. पिंपळनेरजवळ लाटीपाडा, कान नदीवर मालनगाव, आणि साक्री तालुक्यातच खाली अक्कलपाडा, म्हणजे निम्न पांझरा प्रकल्प. धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याला त्याला आपल्या शेतात आपल्या मर्जीचे पीक घेता येऊ लागले. शेतकऱ्याला मोकळीक मिळाली हे खरेच, पण फडाची सामाईक शिस्त त्यात सुटत गेली. दोन्ही नद्यांचे नाव घेतलेला पांझरा-कान सहकारी साखर कारखानाही बंद पडला. काही बंधारे अजून चालतात, काही गाळाने भरले आहेत.

उन्हाळ्यात खालच्या गावांना पिण्याच्या पाण्यासाठी अक्कलपाड्यातून आवर्तन, म्हणजे ठरावीक दिवस धरणाचे पाणी, सोडावे लागते. कोरड्या पात्रातली वाळू आधी पाणी पिते, मग वाटेतले बंधारे एकामागून एक भरतात आणि त्यानंतरच प्रवाह बेटावद-मुडावदच्या दिशेने सरकतो. म्हणून आवर्तन किती सोडले यापेक्षा ते किती दिवस सलग चालले, यावर शेपटाकडच्या गावांचा उन्हाळा ठरतो.