टायर बदलला, मीटर तोच: ट्रकच्या स्पीडोमीटर दुरुस्तीची पार्श्वभूमी

ट्रकच्या डॅशबोर्डवरचा काटा ८० वर येतो तेव्हा त्यामागे एक गृहीत धरलेले असते. चाकाची एक फेरी झाली की गाडी ठरावीक अंतर पुढे गेली, एवढेच मीटरला माहीत असते. कारखान्यात बसवलेला टायर काढून दुसऱ्या मापाचा चढवला की हे गृहीत मोडते. मोठ्या टायरवर गाडी दाखवते त्यापेक्षा जोरात पळते आणि छोट्यावर उलट. गणित शाळकरी आहे. घोळ झाला तो त्यातला आकडा कोणाच्या हातात असावा यावरून, आणि तो मुख्यतः गेल्या दहा-बारा वर्षांतला आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. फिरत्या चुंबकाने ॲल्युमिनियमची वाटी ओढून काटा हलवण्याच्या युक्तीचे पेटंट जर्मनीत १९०२ साली घेतले गेले आणि पुढची सात-आठ दशके जगभरचे ट्रक त्यावरच चालले. आपल्याकडे १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागलेल्या ट्रकांतही गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक छोटे पिनियन, म्हणजे दातेरी चाक, आणि तिथून केबिनपर्यंत मीटरची केबल, असाच प्रकार होता. टायर ९.००-२० चा (नऊ इंच रुंद, वीस इंची रिमचा) काढून १०.००-२० चा घातला तर व्यास साधारण १०१८ मिलिमीटरवरून १०५५ वर जातो, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून थोडा जास्त फरक. तो भरून काढायचा तर पिनियनचे दात कमी करायचे. पण १८ दातांचे पिनियन काढून १७ चे घातले की फरक पडतो जवळपास सहा टक्क्यांचा. नेमका इलाज त्या यंत्रणेत नव्हताच. घाटासाठी क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या आसातले गिअर, बदलून घेणाऱ्यांचे मीटरही असेच चुकायचे, कारण केबल गिअरबॉक्सवरून निघते आणि क्राउन त्याच्यानंतर, चाकांच्या बाजूला असतो.

खरे तर बहुतेकांनी हे केलेच नाही. केबल तुटलेली असायची आणि ड्रायव्हर इंजिनाच्या आवाजावर आणि गिअरवर वेग ओळखायचा. डिझेल पंपाच्या गव्हर्नरमुळे, म्हणजे इंजिनाचे फेरे आवरणाऱ्या यंत्रणेमुळे, गाडी फार पळतही नव्हती. वेग चुकला म्हणून कोणाचे अडत नव्हते. अडत होते ते ॲव्हरेजवर. समजा मालकाने ९.०० च्या जागी १०.०० चे टायर चढवले आणि गाडी खरोखर १००० किलोमीटर चालून आली. मीटरवर ९६५ दिसतात. डिझेल गेले २५० लिटर. ड्रायव्हर म्हणतो गाडीने चारचे ॲव्हरेज दिले, मालकाच्या वहीत ३.८६ येतात आणि मधले नऊ लिटर डिझेल कुठे गेले यावर हिशेब अडतो. टायरचे माप आणि डिझेलचोरीचा संशय यांचा संबंध अनेकांच्या ध्यानातच आला नाही. नवे टायर चढले की ॲव्हरेज पडते, असा एक समज मात्र पसरला आणि तो मीटरपुरता खराही होता.

रेडियल, म्हणजे नक्षीखाली स्टीलचा पट्टा असलेले टायर, आले तसा हा प्रश्न वाढेल असे वाटले होते. या शतकाच्या सुरुवातीला आपल्या ट्रकांखाली जवळजवळ सगळे जुन्या पद्धतीचे, नायलॉनच्या धाग्यांचे टायरच होते. ओव्हरलोडिंगला कोण पुरे पडणार, तर जाड भिंतीचा नायलॉन, हे गणित पक्के होते. पुढे रस्ते सुधारले, स्वस्त आयात रेडियल आले, सप्टेंबर २०१७ मध्ये चिनी बनावटीच्या ट्रक-बस रेडियलवर पाच वर्षांसाठी अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे स्वस्त आयात रोखणारा कर, लागले, जुलै २०१८ मध्ये कायदेशीर वजनमर्यादा वाढून तीन ॲक्सलच्या ट्रकची २५ टनांची २८.५ झाली. या सगळ्या उलथापालथीत १०.००-२० च्या जागी २९५/९०आर२० किंवा ट्यूबलेस २९५/८०आर२२.५ ही नावे रुळली. नावे बघून वाटते काहीतरी भलतेच बदलले. हिशेब केला तर पहिल्याचा व्यास १०३९ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा १०४४ च्या आसपास. म्हणजे जुन्या नायलॉनपेक्षा एक ते दीड टक्का कमी. नव्या टायरची नक्षी पंधरा मिलिमीटर झिजली तरी व्यास तीस मिलिमीटरने, म्हणजे पावणेतीन टक्क्यांहून थोडा जास्तच घटतो. नायलॉनवरून रेडियलवर जाण्यापेक्षा एकाच टायरच्या झिजण्याने मीटर जास्त चुकते, हे गॅरेजमध्ये सांगितले तर आजही कोणी चटकन मानत नाही.

न मानण्यामागे एक कारण आहे. रेडियलची भिंत मऊ असते, माल भरला की टायर पोट काढून बसतो आणि आसाची उंची कमी झालेली डोळ्यांना दिसते. ती उंची टेपने मोजून तिचा परीघ काढणारे मिस्त्री आहेत, आणि त्यांचे उत्तर प्रत्यक्षापेक्षा कमीच येते. रेडियलमध्ये नक्षीखाली स्टीलचा पट्टा असतो. भिंत दबली तरी पट्ट्याची लांबी आखडत नाही, आणि एका फेरीत रस्त्यावर तो पट्टाच उलगडत जातो. म्हणून अंतर ठरवण्याची भरवशाची रीत जुनीच: माल भरलेल्या गाडीच्या, इंजिनाचा जोर ज्यावर येतो त्या चाकावर खडूची खूण करायची, हवा बरोबर आहे ना बघायचे, गाडी सरळ रस्त्यावर दहा फेऱ्या पुढे घ्यायची आणि अंतर मोजून दहाने भागायचे. हा आकडा मिलिमीटरमध्ये मिळाला की इलेक्ट्रॉनिक मीटरला बाकी काही लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक मीटरमुळे दातांची अडचण संपली. गिअरबॉक्सवर सेन्सर आला, तो स्पंद, म्हणजे विजेचे छोटे इशारे, पाठवतो आणि एका किलोमीटरला किती स्पंद हा आकडा लॅपटॉपवरून भरता येतो. साडेतीन टक्के म्हणजे साडेतीनच टक्के. मोटारगाड्यांच्या इतिहासात दुरुस्ती इतकी सोपी कधीच नव्हती आणि नेमकी तेव्हाच ती मिस्त्रीच्या हातातून गेली.

कारण ठरला तो १५ एप्रिल २०१५ चा निर्णय. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११८ वा नियम बदलला गेला आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून बनणाऱ्या मालवाहू गाड्यांत वेगमर्यादक कारखान्यातूनच सक्तीचा झाला. मर्यादा ८० किलोमीटर. डंपर, टँकर, शाळेच्या बस आणि धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांना ६०. रस्त्यावर आधीपासून असलेल्या गाड्यांबाबत राज्यांनी अधिसूचना काढायच्या होत्या. त्यावरून जो गदारोळ झाला तो बहुतांशी खर्चाचा होता. जुन्या ट्रकच्या डिझेल लाइनमध्ये झडप बसवणारे डबे, त्यांचे दर, पासिंगपुरता डबा आणि मग तार कापून मोकळी गाडी, हे सगळे सर्वश्रुत आहे.

टायरची बाजू त्या गदारोळात कोणी मांडली नाही. नव्या ट्रकमध्ये वेगमर्यादक म्हणजे वेगळा डबा नसतो. इंजिनाचा संगणक वेग पाहतो आणि ८० ला डिझेल आवरतो. तो पाहतो तो वेग त्याच टायरच्या आकड्यातून निघालेला असतो. ९.०० चा आकडा भरलेल्या गाडीला १०.०० चे टायर लावले तर तिचे ८० प्रत्यक्षात ८३ च्या जवळ जातात. आता हे नीट करायचे म्हणजे संगणकातला आकडा बदलायचा. पण जो आकडा बदलून प्रामाणिक माणूस मीटर सुधारतो, तोच आकडा मुद्दाम खोटा भरून लबाड माणूस मर्यादा वाढवून घेतो. म्हणून तो कुलूपबंद झाला आणि चावी अधिकृत वर्कशॉपकडे राहिली. लबाडी रोखायची तर दुसरा उपाय काय, असे नियमाच्या बाजूने विचारता येते आणि प्रश्न रास्त आहे. तरी एक-दोन गाड्यांच्या मालकाला टायर बदलल्यावर वर्कशॉपच्या रांगेत उभे करणारा, आणि तिथे जाणे बंधनकारक आहे असेही कुठे न सांगणारा हा नियम अर्धवट होता असेच म्हणावे लागते.

युरोपने हीच वाट आधी तुडवली होती. तिथे १९९२ च्या निर्देशाने १२ टनांवरच्या ट्रकांना ९० किलोमीटरची मर्यादा आली. पण त्याच्या आधीपासून अशा ट्रकांमध्ये टॅकोग्राफ, म्हणजे वेग आणि ड्रायव्हरचे तास नोंदवणारे यंत्र, सक्तीचे होते. केबिनमध्ये या यंत्राची छोटी पाटी लावलेली असते: टायरचे माप, चाकाचा प्रत्यक्ष परीघ मिलिमीटरमध्ये, किलोमीटरला स्पंद किती, तपासणीची तारीख. दर दोन वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात परीघ पुन्हा मोजायचा, पाटी नवी लावायची. वेगळ्या मापाचा टायर लावला तर मधेच जायचे. म्हणजे कुलूप तिथेही आहे, पण आत काय ठेवले आहे ते बाहेर लिहिलेले आहे.

आपल्या आरसीत टायरचा रकाना जुना आहे. मालवाहू गाडीच्या प्रत्येक ॲक्सलवर किती आणि कोणत्या मापाचे टायर, हे तिथे नोंदले जाते. नियम ९५ टायरच्या वजनक्षमतेवर लक्ष ठेवतो. गाडीत मूळ रचनेबाहेरचा फेरफार करू नये हे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते. हे तिन्ही विचारतात की टायर भार पेलेल का आणि गाडी मूळ रूपात आहे का. मीटरमधला आकडा कोणत्या टायरचा आहे हे एकाही कागदावर येत नाही. आरसीवर एक माप, चाकावर दुसरे आणि संगणकात तिसरे, असा ट्रक कागदोपत्री निर्दोष असू शकतो.

स्पीडोमीटरने किती चुकावे यावरही जगाचे एकमत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालील वाहन नियमांत मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, जास्त दाखवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत चालेल. अमेरिकेत व्यावसायिक ट्रकला ५० मैलांच्या वेगाला पाच मैल इकडे-तिकडे दोन्ही बाजूंनी सूट आहे. पहिल्या पद्धतीत कारखाने मीटर थोडे पुढेच ठेवतात. त्यामुळे किंचित मोठा टायर लावल्यावर जीपीएसशी काटा अधिक जुळू लागतो, आणि मालकाला वाटते आपण मीटर सुधारले.

२०१८ च्या एप्रिलमध्ये द्रुतगती मार्गांवर मालवाहू गाड्यांची कमाल वेगमर्यादा ८० ठरली, वेगमर्यादकाच्या आकड्याला जुळणारी. त्यानंतर रस्त्यावरचे कॅमेरे वाढले. मुंबई-पुणे मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांवरून दंड लागू लागले. कॅमेऱ्याला गाडीच्या टायरशी देणेघेणे नाही. घाटात मर्यादा ४० ची असेल तेव्हा मीटरवर ४० धरून उतरणारा, पण टायर एक माप मोठा असलेला ट्रक सव्वाएकेचाळीसवर, त्याहूनही थोडा वरच असतो.

जवळपास त्याच सुमारास दुसरा बदल आला. अवजड मालवाहू वाहनांचे पासिंग, जिथे स्वयंचलित तपासणी केंद्र आहे तिथे, त्या केंद्रातूनच करून घेण्याची सक्ती एकदा पुढे ढकलून अखेर १ ऑक्टोबर २०२४ ही तारीख ठरली. या केंद्रांत स्पीडोमीटर आणि वेगमर्यादक रोलरवर तपासायचे असतात. चाक रोलर फिरवते आणि रोलरच्या पृष्ठभागाचा वेग थेट मोजला जातो. रोलरचा व्यास ठाऊक आहे, टायरचा कितीही असो. त्यामुळे संगणकातला आकडा आणि चाकावरचा टायर यांची तफावत आता पासिंगच्या वेळी आकड्यांत दिसू शकते, आणि ती निघाली की मालकाला गाडी घेऊन आकडा बदलणाऱ्या वर्कशॉपकडे जावे लागते.