स्पायडर-मॅन दर काही वर्षांनी नव्याने का येतो?

स्पायडर-मॅन हे मार्व्हल या कॉमिक्स कंपनीचं पात्र, पण त्याचे चित्रपट काढायचा हक्क सोनी स्टुडिओकडे. त्यामुळे ‘सोनीने स्पायडर-मॅन मार्व्हलला परत द्यावा’ ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते. २०२२ मध्ये सोनीचा ‘मॉर्बियस’ आपटला तेव्हा निघाली, २०२४ च्या फेब्रुवारीत ‘मॅडम वेब’ आपटला तेव्हा निघाली, त्याच डिसेंबरात ‘क्रेव्हन’ने पुन्हा निमित्त दिलं. मार्व्हलच्या घरचं पोर सोनीने पळवून नेलं, असा सूर असतो. प्रत्यक्षात मार्व्हलनेच त्याचे चित्रपटाचे हक्क विकले, एकदा नव्हे तर दोनदा, आणि दुसऱ्या खेपेला कंपनी नुकतीच दिवाळखोरीतून बाहेर आली होती. पडद्यावर हा हिरो असा तुटक तुटक का दिसतो, दर थोड्या वर्षांनी चेहरा का बदलतो, हे कळायला दिग्दर्शकांपेक्षा करारनामे वाचणं जास्त उपयोगाचं आहे.

लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांचा स्पायडर-मॅन पहिल्यांदा दिसला ऑगस्ट १९६२ तारखेच्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकात. अंकाची किंमत १२ सेंट, आणि मासिकाचा तो शेवटचाच अंक होता. बंद पडणाऱ्या मासिकात काहीही खपवून घेतात, म्हणून हे कोळ्याचं प्रकरण छापलं गेलं. विक्रीचे आकडे आल्यावर १९६३ पासून त्याला स्वतःचं मासिक मिळालं. भाडं थकलेला, सर्दी झालेला, परीक्षेच्या आदल्या रात्री मारामारी करणारा हिरो तोवर कॉमिक्समध्ये नव्हता. याबद्दल भरपूर लिहून झालंय, त्यामुळे पुढे जातो.

सत्तरच्या दशकात अमेरिकन टीव्हीवर निकोलस हॅमंडचा स्पायडर-मॅन झाला. जपानमध्ये तोएई कंपनीने १९७८ पासून ४१ भागांची मालिका काढली. तिच्यात स्पायडर-मॅनकडे चक्क लिओपार्डन नावाचा अजस्र यंत्रमानव होता. हसायला येतं, पण माझ्या मते त्या काळात या पात्राशी मोकळेपणाने खेळलेले ते एकटेच.

चित्रपटाचे हक्क पहिल्यांदा गंभीरपणे गेले १९८५ मध्ये. मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस या जोडीच्या कॅनन फिल्म्सने ते ५ वर्षांसाठी २ लाख २५ हजार डॉलरला घेतले. गोलानला स्पायडर-मॅन म्हणजे लांडगा-मानवासारखा भयपटातला प्राणी वाटत होता. पहिल्या आराखड्यात नायकाचा आठ हातांचा कोळीच होतो. स्टॅन लीने ते हाणून पाडलं. पुढे बऱ्यापैकी पटकथा झाल्या, तोवर पैसे संपले. कॅननने १९८७ च्या चौथ्या ‘सुपरमॅन’चं बजेट निम्म्यावर आणून तो पाडून दाखवला होता. स्पायडर-मॅन आणि ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’चा दुसरा भाग, दोन्ही रद्द झाले. त्यांच्यासाठी उभे केलेले सेट वाया जाऊ नयेत म्हणून मारधाडपटांचा नट व्हॅन डॅमचा ‘सायबॉर्ग’ घाईघाईत उरकण्यात आला.

गोलान कॅननमधून बाहेर पडला तो हे हक्क बगलेत मारूनच. नव्या कंपनीच्या नावावर त्याने त्यांचे तुकडे केले: टीव्हीचे व्हायाकॉमला, व्हिडिओ कॅसेटचे सोनीच्या मालकीच्या कोलंबियाला, चित्रपटाचे कॅरोल्कोला. कॅरोल्कोने जेम्स कॅमेरॉनला आणलं, त्याने सविस्तर आराखडाही लिहिला. मग श्रेयनामावलीत आपलं नाव निर्माता म्हणून नाही, हे गोलानच्या लक्षात आलं आणि १९९३ मध्ये त्याने कॅरोल्कोवर दावा ठोकला. कॅरोल्कोने व्हायाकॉम-कोलंबियावर ठोकला, नंतर एमजीएम स्टुडिओने सगळ्यांवर. कॅरोल्को आणि गोलानची कंपनी दोघीही बुडाल्या. कॅमेरॉन ‘टायटॅनिक’कडे वळला, आणि स्पायडर-मॅनचं घोंगडं कोर्टात भिजत पडलं.

इकडे मार्व्हलची काय अवस्था होती? १९८९ मध्ये उद्योगपती रोनाल्ड पेरेलमनने कंपनी ८ कोटी २५ लाख डॉलरला घेतली. कॉमिक्स म्हणजे सोनं, आज घ्या आणि उद्या विका, असं वेड तेव्हा पसरलं होतं. १९९० चा ‘स्पायडर-मॅन’ क्रमांक १ वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह सुमारे २५ लाख प्रती खपला, तर १९९१ चा ‘एक्स-मेन’ क्रमांक १ पाच मुखपृष्ठांसह ८० लाखांच्या वर गेला. एकच माणूस पाच-पाच प्रती घ्यायचा, एकही वाचायचा नाही आणि पिशवीत बंद करून ठेवायचा. सगळ्यांकडेच प्रती असतील तर त्यांना भाव येणार कुठून? फुगा फुटला आणि २७ डिसेंबर १९९६ ला मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीसाठी गुंतवणूकदार कार्ल आयकान आणि पेरेलमन झुंजत राहिले. शेवटी ती पडली ‘टॉय बिझ’ या खेळणीवाल्यांच्या पदरात, म्हणजे आयझॅक पर्लमटर आणि अवी अराड यांच्या.

या खेळणीवाल्यांना रोकड हवी होती. जे विकण्यासारखं होतं त्यातलं बरंच आधीच गेलेलं: एक्स-मेन फॉक्स स्टुडिओकडे, फँटॅस्टिक फोर जर्मन निर्माता बर्न्ड आयशिंगरकडे. आयशिंगरची गोष्ट तर कळसच. हक्काची मुदत संपत आली म्हणून त्याने स्वस्तातले चित्रपट काढणाऱ्या रॉजर कोर्मनला हाताशी धरून सुमारे १० लाख डॉलरात अख्खा चित्रपट काढला, आणि तो कधी प्रदर्शितच झाला नाही. कलाकार पदरच्या पैशांनी जाहिरात करत हिंडत होते. हक्क वाचवायला चित्रपट काढायचा, ही प्रथा पुढे जन्मभर चालणार होती.

सोनी-मार्व्हल सौदा १९९९ चा. रक्कम ७० लाख ते १ कोटी डॉलरच्या दरम्यान सांगितली जाते, शिवाय उत्पन्नात ५ टक्के वाटा. पत्रकार बेन फ्रिट्झने नोंदवलंय की मार्व्हल त्या वेळी उरलेली जवळपास सगळी पात्रं अडीच कोटी डॉलरला द्यायला तयार होती, आणि सोनीच्या वरिष्ठांनी सांगितलं की बाकीचे नकोत, फक्त स्पायडर-मॅन आणा. आयर्न मॅन, थॉर, ब्लॅक पँथर यांना कोण विचारतो, हा तेव्हाचा हिशेब. आज सोनीला हसणं सोपं आहे, पण १९९९ मध्ये तुम्ही-आम्हीही तेच म्हटलं असतं.

कोर्टाचा गुंता सुटला तोही अदलाबदलीने. जेम्स बाँडचे चित्रपट एमजीएमचे, पण सोनी तेव्हा स्वतःची वेगळी बाँडमालिका काढायच्या बेतात होती. मार्च १९९९ च्या समझोत्यात सोनीने बाँडवरचा दावा सोडला आणि ‘कसिनो रॉयल’ या बाँडकथेचे हक्क एमजीएमला दिले, एमजीएमने स्पायडर-मॅनवरचा दावा सोडला. गंमत म्हणजे २००६ मध्ये ‘कसिनो रॉयल’ झाला तेव्हा वितरक सोनीच होती!

मे २००२ मध्ये दिग्दर्शक सॅम रेमीचा ‘स्पायडर-मॅन’ आला आणि पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत ११ कोटी ४८ लाख डॉलर घेऊन गेला. पहिल्या आठवडाअखेरीस १० कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला चित्रपट. २००४ चा दुसरा भाग मला आजही या प्रकारातला सर्वांत चांगला वाटतो. २००७ च्या तिसऱ्यात खलनायकांची खोगीरभरती झाली, पैसा मात्र बक्कळ आला. त्या वेळी आपल्याकडे हिंदी, तमिळ, तेलुगूबरोबर भोजपुरीतही डबिंग झालं, मराठीत नाही. आपण हिंदीत बघून घेतो, हे वितरकांना पक्कं ठाऊक असतं.

आता कळीची अट. नोव्हेंबर २०१४ मध्ये सोनीचे संगणक हॅक झाले आणि २०११ चा सुधारित करारनामा बाहेर आला. त्यानुसार आधीचा चित्रपट लागल्यापासून ३ वर्षं ९ महिन्यांत पुढच्याचं काम सुरू व्हायला हवं आणि ५ वर्षं ९ महिन्यांत तो पडद्यावर यायला हवा. नाहीतर हक्क मार्व्हलकडे परत. त्याच कागदात पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, कसा असावा याची यादीही आहे: तो न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मध्यमवर्गीय घरात वाढलेला असावा, त्याने तंबाखू ओढू नये, कोणाचा छळ करू नये, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावाखेरीज कोणाला मारू नये. एखाद्या वसतिगृहाची नियमावली वाटावी अशी ही कलमं वकिलांनी ओळीने टाईप केली आहेत.

ही मुदत तिसऱ्या भागाला लावून बघा. मे २००७ मध्ये ३ वर्षं ९ महिने मिळवले की फेब्रुवारी २०११ येतो. रेमी चौथ्या भागाच्या पटकथेवर खूश नव्हता आणि ठरल्या तारखेला चांगला चित्रपट जमणार नाही म्हणून जानेवारी २०१० मध्ये बाहेर पडला. सोनी थांबली नाही. नव्या स्पायडर-मॅनच्या भूमिकेत अँड्र्यू गारफिल्डला घेऊन डिसेंबर २०१० मध्ये चित्रीकरण सुरू झालंसुद्धा. पीटरच्या बेन काकांचा मृत्यू दहा वर्षांत दुसऱ्यांदा का पाहावा लागला, याचं उत्तर पटकथेत शोधू नका. गारफिल्ड नट म्हणून उत्तम, पण २०१४ चा त्याचा दुसरा भाग म्हणजे पुढच्या पाच चित्रपटांची जाहिरात होती. कमाई ७१ कोटी डॉलरच्या आतबाहेर, म्हणजे मालिकेतली तोवरची सर्वांत कमी.

दरम्यान मार्व्हलने उरलेली पात्रं तारण ठेवून मेरिल लिंच या बँकेच्या मदतीने ५२ कोटी ५० लाख डॉलर उभे केले होते. २००८ मध्ये ‘आयर्न मॅन’ चालला आणि २००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४०० कोटी डॉलरला कंपनी घेतली. सोनीने नाकारलेला माल तो हाच. फेब्रुवारी २०१५ मध्ये सोनी आणि मार्व्हलने हात मिळवले आणि तिसरा स्पायडर-मॅन म्हणून टॉम हॉलंड आला. ऑगस्ट २०१९ मध्ये वाटणीवरून फिस्कटलं. हॉलंडने डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांना फोन केला, चाहत्यांनी गोंधळ घातला आणि सप्टेंबरअखेर २५ टक्के भागीदारीवर तोडगा निघाला. डिसेंबर २०२१ च्या ‘नो वे होम’मध्ये तिन्ही मालिकांमधले पीटर एकत्र आले आणि १९० कोटी डॉलर जमले. कराराच्या तीन पिढ्याच एका चौकटीत उभ्या होत्या.

हे सगळं मांडूनही मी ‘परत द्या’वाल्यांच्या बाजूचा नाही. २००४ चा ‘स्पायडर-मॅन २’ आणि ‘स्पायडर-व्हर्स’चे दोन्ही ॲनिमेशनपट मार्व्हल स्टुडिओने नव्हे, सोनीने केले. २०२३ चा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, या वेळी मराठीतही. त्यातला पवित्र प्रभाकर मूळचा २००४ च्या भारतीय कॉमिकमधला, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांचा. त्याला कोळी चावत नाही, योगी शक्ती देतो, आणि तो धोतर नेसून मुंबईच्या इमारतींवरून झेपावतो. मूळ कथेतल्या खलनायक ऑस्बर्नचा तिथे नलिन ओबेरॉय झालाय. मार्व्हलच्या मुख्य मालिकेने त्याला इतकी ऐसपैस जागा दिली असती असं मला वाटत नाही.

सोनीच्या चुका दुसरीकडे आहेत. करारात स्पायडर-मॅनशी निगडित सुमारे ९०० पात्रं येतात, म्हणून हिरोशिवाय नुसत्या खलनायकांचे चित्रपट काढत सुटायचं. ‘व्हेनम’ चालला, बाकी एक ना धड भाराभर चिंध्या. ‘मॉर्बियस’ची लोक टिंगल करतायत आणि तीच लोकप्रियता समजून तो पुन्हा थिएटरात लावणारी कंपनी हिशेबात पक्की आहे असं कोण म्हणेल?

गेमच्या बाबतीत मात्र भलताच गैरसमज आहे. इन्सोम्नियाक या गेम कंपनीचा २०१८ चा स्पायडर-मॅन गेम सोनीच्या प्लेस्टेशनवर आला तो चित्रपट-करारामुळे नव्हे. गेमचे हक्क मार्व्हलकडेच होते. आधीची गेम कंपनी ॲक्टिव्हिजनशी संबंध संपल्यावर मार्व्हलने आधी मायक्रोसॉफ्टला विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, मग सोनीशी जमलं. चांगल्या स्पायडर-मॅन गेमची परीक्षा एकच, जाळ्यावरचा झोका. नेव्हरसॉफ्टच्या २००० च्या गेममध्ये जाळं आभाळाला चिकटायचं आणि खाली रस्त्याऐवजी धुकं असायचं. ट्रेयार्कच्या २००४ च्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये ते पहिल्यांदा खऱ्या इमारतीला चिकटू लागलं. इमारत नसेल तर झोका नाही, सेंट्रल पार्कमध्ये आपटलातच. इन्सोम्नियाकने हाच धागा पुढे नेला, आणि पहिल्या तीन दिवसांत ३३ लाख प्रती खपल्या.

‘नो वे होम’ १७ डिसेंबर २०२१ ला अमेरिकेत लागला. जुनी अट तशीच असेल तर पुढच्याचं काम १७ सप्टेंबर २०२५ च्या आत सुरू व्हायला हवं होतं. त्या पुढच्या चित्रपटाचं, ‘ब्रँड न्यू डे’चं, चित्रीकरण त्या ऑगस्टच्या सुरुवातीला ग्लासगोत सुरू झालं.