फटकारा आणि ठिपका

इम्प्रेशनिझम, म्हणजे बदलता उजेड मोकळ्या हातानं पकडू पाहणारी एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच चित्रशैली. ती म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी केलेलं चित्र, हा समज चित्रप्रदर्शनं आवर्जून बघणाऱ्यांमध्येही आढळतो. ठिपक्यांची शैली म्हणजे पॉइंटिलिझम. ती नंतरची, आणि वृत्तीनं बरीच वेगळी. कामिय पिसारो या फ्रान्समधल्या चित्रकारानं घरं आणि झाडं दोन्ही पद्धतींनी रंगवली, त्यामुळे फरक एकाच माणसाच्या कामात बघता येतो.

त्याचं १८७७ चं ‘लाल छपरं’ पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. पॅरिसजवळच्या पाँत्वाज गावातली टेकडी, उतारावर घरं आणि त्यांच्या पुढ्यात हिवाळ्यात पानं झडलेली फळझाडं. फांद्यांच्या जाळीतून घरं दिसतात. छपरांचा लाल रंग खालच्या जमिनीतही उतरलेला आहे, म्हणून घरं चिकटवल्यासारखी वाटत नाहीत. रंग जाड, खरबरीत, थरावर थर.

इम्प्रेशनिस्ट पद्धतीत महत्त्वाचा असतो तो ब्रशचा फटकारा. भिंतीवर सपाट ब्रश उभा ओढला, छपरावर तिरका, पानांवर आखूड आणि वाटेल त्या दिशेनं, की रंग जवळजवळ सारखे असूनही भिंत आणि झाड वेगळं कळतं. तैलरंग हळू वाळतो, त्यामुळे पानांची कड ओल्या छपरात किंचित ओढून मऊ करता येते. अर्थात फार घोळलं की हिरवा आणि लाल मिळून चिखल होतो. एक फटकारा टाकून हात उचलायचा, हे सांगायला सोपं आहे.

१८८५ मध्ये पिसारोची गाठ ठिपक्यांची पद्धत रुजवणारा तरुण चित्रकार जॉर्ज सरा याच्याशी पडली आणि तो पन्नाशी उलटल्यावर नव्या पोरांची पद्धत शिकू लागला. (मला त्याचं हे सगळ्यात जास्त आवडतं.) ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातलं ‘माझ्या खिडकीतून, एरान्यी’ हे त्या काळातलं; एरान्यी हे तो राहायचा ते गाव. इथेही लाल छप्पर, झाडं, कुरण. पण सगळ्यांवर सारखेच बारीक ठिपके. ठिपक्याला दिशा नाही. छप्पर कुठे संपतं आणि झाड कुठे सुरू होतं, हे फक्त रंग आणि त्याची उजळ-गडद छटा सांगते. शिवाय शेजारचे रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून थांबत थांबत काम करावं लागतं. लाल छप्पर लोकांना रुचत नाही, असं त्यानं मुलाला पत्रात कळवलं होतं. त्याच्या मते चित्राची खरी जान त्यातच होती.

ठिपके डोळ्यात मिसळून रंग जास्त झळाळतात, हा दावा मात्र जपूनच घ्यावा. दुरून ठिपक्यांची सरासरी दिसते. निळे आणि पिवळे ठिपके शेजारी ठेवले तर पॅलेटवर होतो तसा रसरशीत हिरवा मिळत नाही, करडेपणा येतो. म्हणून झाडाला हिरवे ठिपकेच लागतात. निळा, पिवळा, नारिंगी त्यांच्या सोबतीला.

१८९० च्या सुमाराला पिसारोनं ठिपके सोडले. पद्धत फार संथ होती आणि क्षणाक्षणाला बदलणारा उजेड पकडायला हात मोकळा राहत नव्हता. मात्र नंतरच्या चित्रांतले त्याचे फटकारे आधीपेक्षा बारीक आणि रंग अधिक स्वच्छ दिसतात.