एकाच बांधावरची दोन भिरंडाची झाडं

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, बांधावर शेजारीशेजारी उभी असलेली दोन भिरंडाची, म्हणजे कोकमाची, झाडं बघा. एकाची फळं एप्रिलअखेर लालभडक होऊन खाली सडा घालतात, दुसऱ्यावर मिरग आला तरी हिरवीच. माती तीच, पाऊस तोच. फरक बियांतला. तो टिकला, कारण आपण या झाडाकडे कधी नीट बघितलंच नाही.

आंब्याचं उलट झालं. पोर्तुगीज काळात गोव्यात आंब्याची कलमं बांधली गेली आणि मानकुराद, मुसराद घरोघर पोचले. कलम म्हणजे त्याच झाडाची नक्कल. भिरंड मात्र बी पडेल तिथे उगवत राहिलं. लोकांना ते माहीत नव्हतं असं नाही: पोर्तुगीज वैद्य गार्सिया दा ऑर्ताने 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात ‘ब्रिंदांव’ म्हणून त्याची नोंद केली आहे. हे नाव आपल्या ‘भिरंड’चंच.

बियांपासून लावण्यातली मेख निराळीच. भिरंडात नर आणि मादी झाडं वेगळी. रोप बघून काही कळत नाही. सात-आठ वर्षांनी फुलं आली की उलगडा. नराची फुलं झुबक्याने येतात, मधोमध पुंकेसरांची दाट गाठ. मादीच्या फुलात बारकं हिरवं फळ आधीच बसलेलं दिसतं. आमच्या परसातलं एक झाड असंच वाढवलं, शेणखत घातलं, आणि निघालं नर! आजीने त्या दिवसापासून त्याला पाणी घातलं नाही.

लवकर-उशिराचा हा फरक गृहिणींना आधीपासून ठाऊक. सोलं, म्हणजे आमसुलं, करायची तर फळाची साल आगळात, म्हणजे भिरंडाच्याच खारट रसात, बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. मध्येच सर आली की बुरशी. म्हणून उशिराच्या झाडाची फळं बरीचशी वायाच जातात.

संशोधकांनी नेमका हाच धागा पकडला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 साली दिलेली ‘कोकण अमृता’ जात पावसाआधी तयार होते. जुन्या गोव्याच्या केंद्रीय संशोधन संस्थेनेही रानातली, परसातली झाडं हुडकून नोंदली. लाल फळांची, पिवळट फळांचीही. आता मादी झाडाच्या काडीचं कलम मिळतं, मात्र काडी सरळ उभ्या फांदीचीच हवी. आडव्या फांदीची घेतली तर झाड वर न जाता झुडपासारखं पसरतं. आणि बागेत एखाददुसरा नर ठेवावाच लागतो, आजीला पटो न पटो.