ब्लॅकबर्न रोव्हर्स : मालकी आणि समर्थकांचे मत

इंग्लंडच्या लँकशर परगण्यातील ब्लॅकबर्न या जुन्या कापडगिरण्यांच्या शहराचा फुटबॉल क्लब. स्थापना १८७५. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी हा एक. १८९० पासून त्याचे सामने एवूड पार्क मैदानावर होतात. क्लबने एफए कप सहा वेळा आणि लीगचे विजेतेपद तीन वेळा (१९१२, १९१४, १९९५) मिळवले. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज (व्ही. एच.) समूहाने क्लब विकत घेतला. तेव्हापासून मालकांविषयीचे समर्थकांचे मत स्वागत, संताप, बहिष्कार, सावध तडजोड आणि पुन्हा नाराजी अशा टप्प्यांतून गेले आहे. मालक पैसा घालत असतानाही समर्थक दुरावले, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय.

पूर्वपीठिका : पोलादाच्या व्यापारात मोठे झालेले स्थानिक उद्योगपती जॅक वॉकर यांनी जानेवारी १९९१ मध्ये क्लब ताब्यात घेतला. त्याच वर्षी केनी डॅलग्लिश व्यवस्थापक झाले. १९९२ मध्ये अ‍ॅलन शिअरर ३६ लाख पौंडांना आला. तोवर ब्रिटिश क्लबांमधील व्यवहारात एवढी रक्कम कोणासाठी मोजली गेली नव्हती. १४ मे १९९५ रोजी रोव्हर्स लिव्हरपूलकडून हरले, पण मँचेस्टर युनायटेडची वेस्ट हॅमशी बरोबरी झाल्याने प्रीमियर लीगचे (इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीचे) विजेतेपद एवूडला आले. लाखभर वस्तीच्या शहराचा क्लब देशात पहिला येतो, हे त्या काळातही विरळाच होते. वॉकर ऑगस्ट २००० मध्ये वारले. मैदानाचा एक स्टँड त्यांच्या नावाने आहे आणि बाहेर त्यांचा पुतळा आहे. पुढच्या प्रत्येक मालकाची तुलना त्यांच्याशी होत आली आहे.

वॉकर यांच्यामागे क्लब जर्सी बेटावरील त्यांच्या कौटुंबिक न्यासाकडे गेला. या दहा वर्षांचे वर्णन अनेकदा ‘सुखाचा काळ’ असे केले जाते, ते अर्धवट खरे आहे. २००२ मध्ये लीग कप मिळाला आणि संघ बहुतेक हंगाम प्रीमियर लीगच्या मध्यावर राहिला. मात्र न्यासाची मदत आटत गेली, क्लब विक्रीस असल्याचे उघड झाले आणि ‘न्यासाला आता रस उरलेला नाही’ अशी तक्रार सुरू झाली. भारतीय खरेदीदारांचे स्वागत झाले त्याला ही पार्श्वभूमी होती.

मालकीची रचना : मराठी वाचकांचा येथे हमखास गोंधळ होतो. शेअर बाजारात नोंदलेली व्यंकीज (इंडिया) लिमिटेड ही क्लबची मालक नाही. क्लब व्यंकीज लंडन लिमिटेड या स्वतंत्र कंपनीकडे असून तिची सूत्रे समूहाच्या खासगी मूळ कंपनीकडे, म्हणजे डॉ. बी. व्ही. राव यांच्या कुटुंबाकडे आहेत. राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादला हॅचरीचा व्यवसाय सुरू केला. समूहाचे मुख्यालय नंतर पुण्यात, सिंहगड रस्त्यावर आले. अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती उभी करण्यात राव यांचा पुढाकार होता. १९९६ मध्ये त्यांच्या निधनानंतर कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र व्यंकटेश व बालाजी राव यांनी कारभार सांभाळला. १९ नोव्हेंबर २०१० रोजी झालेल्या व्यवहारात समभागांसाठी सुमारे २.३ कोटी पौंड मोजले गेले आणि क्लबच्या डोक्यावरचे कर्जही मालकांनी आपल्याकडे घेतले.

मत केव्हा बदलले : याबाबत एकमत नाही. तीन तारखा पुढे केल्या जातात.

पहिली १३ डिसेंबर २०१०. बोल्टनकडून २–१ अशी हार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढण्यात आले. संघ तेव्हा तेराव्या स्थानी होता. मुख्य व्यवस्थापकपदाचा अनुभव नसलेले प्रशिक्षक स्टीव्ह कीन यांना प्रथम तात्पुरते आणि मग कायम नेमले गेले. अ‍ॅलर्डाइस यांची खेळाची पद्धत सर्वांना प्रिय नव्हती, त्यामुळे त्या आठवड्यात समर्थकांत धक्का जास्त आणि विरोध कमी होता. जानेवारीत रोनाल्दिनोला आणण्याची चर्चा रंगली. तो ब्राझीलच्या फ्लामेंगोला गेला, तरी ‘मालकांना मोठे काही करायचे आहे’ हा समज टिकून राहिला.

दुसरी तारीख फेब्रुवारी २०११ ची. क्लबचा कारभार अनेक वर्षे सांभाळणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स पायउतार झाले. जुन्या संचालकांनी नेमणुका व खेळाडूंच्या खरेदीत आपल्याला विचारले जात नसल्याचे मालकांना कळवले होते. त्यांचे पत्र डिसेंबर २०११ च्या सुमारास वृत्तपत्रांत आले. मालकांचे सल्लागार खेळाडूंच्या दलालीच्या व्यवसायातले असल्याने शंका वाढली.

तिसरी ७ मे २०१२. घरच्या मैदानावर विगनकडून १–० ने हरून संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानावर सोडण्यात आली. ते छायाचित्र जगभर गेल्यामुळे बाहेरचे निरीक्षक याच दिवसाला वळणबिंदू मानतात.

यांपैकी दुसरी तारीख अधिक ग्राह्य वाटते. विल्यम्स यांच्यासोबत गावातल्या समर्थकाला फोन करून विचारता येईल असा क्लबमधला शेवटचा ओळखीचा माणूस गेला. त्यानंतरचा प्रत्येक निर्णय पुण्याहून आलेला आणि न समजावलेला असा दिसू लागला. मात्र संताप जाहीर व्हायला आणखी काही महिने गेले. २२ मे २०११ ला वुल्व्हजविरुद्ध ३–२ असा विजय मिळवून संघ खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचला. त्याच उन्हाळ्यात तरुण बचावपटू फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्याला आला आणि बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला. तळाशी घुटमळणारा संघ हंगामाच्या मध्यात भारतवारी करतो, हे ब्लॅकबर्नमध्ये रुचले नाही. खेळाडूंना घेऊन केलेल्या चिकनच्या जाहिरातीबाबतही तसेच झाले. २० डिसेंबर २०११ रोजी बोल्टनविरुद्धच्या पराभवात कीन यांच्याविरुद्धच्या घोषणा टोकाला गेल्या. पण त्याच महिन्याच्या ३१ तारखेला रोव्हर्सने ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला ३–२ ने हरवले. याच सुमारास समर्थकांचा रोख व्यवस्थापकाकडून मालकांकडे वळला.

पैशाचा प्रश्न : ‘मालकांनी पैसा घातला नाही’ हा आरोप टिकत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये जॉर्डन रोड्सला सुमारे ८० लाख पौंडांना आणले, ही दुसऱ्या श्रेणीच्या मानाने फार मोठी रक्कम होती. प्रीमियर लीगच्या दूरचित्रवाणी हक्कांचे उत्पन्न थांबल्यावर क्लबची तूट मालकांनीच भरली. आजवरची रक्कम २० कोटी पौंडांच्या वर गेल्याचे सामान्यतः मानले जाते. ही मदत आरंभी मुख्यतः कर्जाच्या आणि पुढे समभागांच्या रूपाने आली.

कर्ज की समभाग हा फरक येथे कळीचा आहे. चॅम्पियनशिपच्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या, २०१६–१७ पासून लागू झालेल्या नियमानुसार तीन हंगामांत मिळून ३.९ कोटी पौंडांपर्यंतचा तोटा चालतो. त्यातला १.५ कोटींपर्यंतचा भाग कशानेही भरला तरी हरकत नसते, उरलेला मालकाने भागभांडवल घालून भरावा लागतो. क्लबला कर्ज दिले तर ताळेबंदावर देणे वाढते आणि ती रक्कम या हिशेबात धरली जात नाही. युवा अकादमी, महिला संघ, मैदानाची बांधकामे आणि समाजकार्य यांवरचा खर्च तोट्यातून वजा करता येतो. याआधीचा नियम प्रत्येक हंगामाचा तोटा स्वतंत्रपणे मोजत असे. २०१३–१४ साठी कमाल मर्यादा ८० लाख पौंड होती. ती ओलांडल्याने डिसेंबर २०१४ पासून वर्षभर रोव्हर्सवर खेळाडू घेण्याची बंदी आली. म्हणजे मालकाची तयारी असली तरी खर्चाला कुंपण होते आणि बंदीच्या काळात संघ विस्कटत गेला. समर्थकांच्या चर्चेत हा तपशील अनेकदा निसटतो.

दुसरा अडथळा भारतातला आहे. अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीमुळे २०२३ पासून ब्लॅकबर्नला पैसे पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली आणि त्यासाठी बँक हमीही द्यावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अकादमीतून आलेला मधल्या फळीतला अ‍ॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला, तो याच सुमारास. ही विक्री त्या अडचणीमुळेच झाली असे अनेक समर्थक मानतात. मात्र एवढी मोठी बोली दुसऱ्या श्रेणीतल्या कोणत्याही क्लबला नाकारणे अवघड होते, हे मतही दुर्लक्षिण्यासारखे नाही.

व्यवस्थापकांची ये-जा : कीन यांनी २८ सप्टेंबर २०१२ रोजी राजीनामा दिला. त्यानंतर आलेले हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले आणि मायकल अ‍ॅपलटन ६७ दिवस. बर्ग यांना करारभंगापोटी सुमारे २२.५ लाख पौंड देण्याची वेळ क्लबवर आली. गॅरी बोयर यांच्या काळात काहीसे स्थैर्य आले, पुढे पॉल लॅम्बर्ट आणि ओवेन कॉयल येऊन गेले. ७ मे २०१७ रोजी ब्रेंटफर्डला ३–१ ने हरवूनही संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे गुण तितकेच होते, केवळ गोलफरक दोनाने सरस होता. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ही पहिलीच वेळ.

निषेधाचे मार्ग व त्यांची मर्यादा : घोषणा, फलक आणि मोर्चे यांनंतर बहिष्काराचा मार्ग आला. प्रेक्षकसंख्येची सरासरी २०१०–११ मध्ये सुमारे २५ हजार होती. ती २०१६–१७ पर्यंत जवळपास निम्म्यावर आली. त्याच हंगामात स्थापनावर्षाला धरून एक निषेध आखला गेला : तिकीट काढून आत यायचे, १८ व्या मिनिटापर्यंत स्टँडखालच्या मोकळ्या जागेत थांबायचे, मग जागेवर बसायचे आणि ७५ व्या मिनिटाला निघून जायचे. रिकाम्या खुर्च्या कॅमेऱ्यात दिसाव्यात आणि संघाला मात्र सामन्याचा बहुतेक वेळ पाठिंबा मिळावा, असा त्यामागे विचार होता.

या पद्धतींचा परिणाम मर्यादित राहिला, त्याची दोन कारणे आहेत. मैदानावर न येणाऱ्या मालकाच्या कानी घोषणा पडत नाहीत. शिवाय तिकिटांचे उत्पन्न मालकांच्या वार्षिक मदतीपुढे लहान असल्याने, बहिष्काराने घटलेली रक्कम शेवटी मालकच भरतात किंवा संघावरचा खर्च कापला जातो. त्यामुळे झळ खेळाडूंच्या खरेदीला बसते आणि निर्णयप्रक्रिया तशीच राहते. हंगामी तिकीट सोडणारे आणि न सोडणारे यांच्यात वितुष्टही येते.

दुसरा मार्ग समर्थकांच्या न्यासाचा, म्हणजे रोव्हर्स ट्रस्टचा. एक सभासद, एक मत या तत्त्वावर चालणारी ही संस्था क्लबमध्ये हिस्सा मिळवण्याचा आग्रह धरते. अशा संस्थांना २०११ च्या स्थानिकता कायद्याने एक साधन दिले : मैदानाची ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून नगरपरिषदेकडे पाच वर्षांसाठी नोंद करता येते. मग मालकाने विक्री काढल्यास सहा आठवड्यांत इच्छा कळवणाऱ्या स्थानिक गटाला पैसा उभारण्यासाठी विक्रीच्या सूचनेपासून एकूण सहा महिने मिळतात. पण मालकाने त्या गटालाच विकावे असे बंधन नसते आणि मैदानासह चालता क्लब विकला तर मालकाला या अटीतून सूट मिळू शकते. त्यामुळे हे साधन घाईची विक्री रोखण्यापुरते उपयोगी आहे.

२०१७ नंतर : टोनी मोब्रे यांनी २०१८ मध्ये संघ परत दुसऱ्या श्रेणीत आणला. पाच वर्षे एकच व्यवस्थापक राहिल्याने आणि महासाथीच्या काळातही मालकांची मदत चालू राहिल्याने मत निवळले. ‘दूर आहेत, पण सोडून जात नाहीत’ अशी भूमिका तेव्हा ऐकू येई. २०२२–२३ मध्ये रोव्हर्स सहाव्या क्रमांकावरील संडरलंडइतकेच गुण मिळवून गोलफरकाने सातवे आले.

नाराजी परतली ती कारभारातल्या चुकांमुळे. जानेवारी २०२३ मध्ये लुईस ओब्रायनची कागदपत्रे मुदतीत पोचली नाहीत, म्हणून त्याची नोंदणी नाकारली गेली. पुढच्याच वर्षी डंकन मॅग्वायरच्या व्यवहारातही कागदपत्रांत चूक झाली आणि लीगने तीही नोंदणी मान्य केली नाही. २०२४–२५ मध्ये प्लेऑफच्या (तेव्हा तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांत होणाऱ्या, वरच्या श्रेणीत जाण्याच्या सामन्यांच्या) शर्यतीत असताना व्यवस्थापक जॉन युस्टेस डर्बी काउंटीला गेले आणि संघ दोन गुणांनी कमी पडून पुन्हा सातवा आला. मे २०२५ मध्ये महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून मागे घेण्यात आला. पुरुष संघाच्या तुलनेत हा खर्च फार थोडा असल्याने त्यावर विशेष टीका झाली.

कायद्याची बाजू : २०२१ च्या समर्थकप्रणीत आढाव्यातून इंग्लंडचा फुटबॉल शासन कायदा आला व जुलै २०२५ मध्ये त्याला राजमान्यता मिळाली. त्यानुसार स्वतंत्र नियामक मालक व संचालकांची पात्रता तपासतो आणि क्लबने महत्त्वाच्या बाबींवर समर्थकांशी सल्लामसलत करावी अशी अपेक्षा आहे. मैदान विकणे, क्लबचे बोधचिन्ह किंवा घरच्या पोशाखाचे रंग बदलणे यांवर निर्बंध आहेत. विद्यमान मालकाची पात्रता नियामकाला पुन्हा तपासता येते, पण त्यासाठी शंकेला सबळ आधार लागतो. समर्थकांची नापसंती हा स्वतंत्र आधार मानलेला नाही.